आयडियाची पेटी

पेटी उघडली तेव्हा तिच्यातून एकूण चार वस्तू निघाल्या. विडीचं एक थोटूक, एसटीचं जुनं तिकीट, कुणाच्या तरी वास्तुशांतीची पत्रिका आणि घडी घातलेला एक कोरा कागद. माझा जीव त्या कागदात अडकला. मी तो खिडकीकडे धरून पाहिला, उलटा करून पाहिला. एका कोपऱ्यावर बोटाएवढा गुळगुळीत डाग होता, बाकी काही नाही.

"किती आल्या आयडिया?" सरनोबत साहेबांनी विचारलं.

"एक वास्तुशांत आहे, सर. येत्या रविवारी."

ते हसले नाहीत. हसायचे दिवसच नव्हते. कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत मी कामगार कल्याण सहाय्यक म्हणून नुकती लागले होते. ही त्र्याण्णव सालची गोष्ट. वय चोवीस, इंग्रजीतली एम.ए. आणि स्वतःबद्दल जरा जास्तच चांगलं मत. सरनोबत साहेब वर्क्स मॅनेजर. पुण्याला ट्रेनिंग घेऊन आले आणि येताना ही पेटी घेऊन आले. प्रत्येक खात्यात एक पेटी टांगायची, कामगारांनी त्यात आयडिया लिहून टाकायच्या. बरोबरचा फॉर्म इंग्रजीत होता. तो मराठीत करायचं काम माझ्याकडे आलं.

"कोअर शॉपच्या पेटीतून पुन्हा काही नाही," साहेब म्हणाले. "आपण यांना बोलायची संधी देतोय, आणि चौदा बायकांच्या डोक्यात मिळून एक आयडिया नाही. पंधरा तारखेला अण्णा निर्णय घेणार. मग मला दोष देऊ नका."

अण्णा म्हणजे मालक. निर्णय असा होता की कोअर शॉप बंद करायचं आणि कोअर बाहेरून मशीनवर केलेले विकत घ्यायचे. चौदाही बायकांना घरी पाठवायचं. कारण पंपाचं एक वाकडं नळकांडं. लोखंड ओतताना ते आतून पोकळ राहावं म्हणून साच्यात वाळूचा घट्ट केलेला कोअर ठेवतात. तो आकारानं केळ्यासारखा, म्हणून बायका त्याला केळंच म्हणत. तापलेलं लोखंड भोवती आलं की वाळूतून वायू सुटतो. त्याला कोअरच्या पोटातून बाहेर पडायला वाट हवी, नाही तर तो लोखंडात घुसतो आणि आत फोड राहतो. अशा फोडांपायी शंभरातले तीस पंप भंगारात जात होते. नियम असा की दोन्ही टोकांकडून तार खुपसून वाट करायची. पण केळं वाकडं आणि तार सरळ. मधे दोन्ही वाटा भेटल्या तर भेटल्या.

मी शब्दकोश उघडून बसले. त्या एका इंग्रजी शब्दासमोर कल्पना, विचार, मत, अंदाज, हेतू, योजना अशी सगळी वरात उभी होती. पहिल्या फॉर्मवर मी लिहिलं होतं, 'आपली कल्पना येथे लिहा.' कुणी हात लावला नाही. दुसऱ्यावर 'विचार' लिहिलं. तेव्हा कोअर शॉपच्या मुख्य बाई, शेवंताबाई मगदूम, मला म्हणाल्या, "विचार घरी असत्यात म्याडम. हितं आलं की काम." तिसऱ्यावर 'सूचना' लिहिलं, तर त्यांनी नोटीस बोर्डाकडे बोट दाखवलं. "सूचना वरनं येती आमाला. आमी कशी द्यायची?"

म्हणून शेवटी मी सरळ 'आयडिया' लिहिलं. हा तरी सगळ्यांच्या तोंडातला शब्द. आणि त्याच दिवशी दुपारी मी तो कानांनी ऐकला. भट्टीजवळ एक कामगार दहा मिनिटं आधी हात धुवायला निघाला होता, आणि कोअर शॉपचे सुपरवायझर तोडकर त्याच्यावर ओरडले, "काय रे, आयडिया करतोस व्हय?"

मी जागच्या जागी उभी राहिले. कारखान्यात हा शब्द दोन जातींचा होता. साहेबांना आयडिया आली तर ती फ्रेम करून भिंतीवर लागायची. कामगारानं आयडिया केली तर तो पकडला जायचा. आणि मी पेटी टांगून त्यांना सांगत होते की केलेली आयडिया लिहा आणि खाली सही करा.

फॉर्मांचा गठ्ठा मी टेबलाच्या खालच्या खणात कोंबला आणि दुपारच्या सुट्टीत डबा घेऊन कोअर शॉपमध्ये जाऊन बसले.

पहिले दोन दिवस बायका माझ्यासमोर नुसत्या जेवल्या. तिसऱ्या दिवशी मैमूनाभाभी जमादार यांनी मला खर्डा वाढला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा सगळ्या मनापासून हसल्या. चौथ्या दिवशी मी म्हटलं, मला एक केळं करू द्या. शेवंताबाईंनी केळ्याच्या साचापेटीत वाळू भरायला शिकवलं, ठोकायला शिकवलं, वायू सोडून वाळू कडक करायला शिकवलं. मी तार खुपसली आणि माझं केळं मधोमध मोडलं.

"ऱ्हाऊ दे म्याडम," शेवंताबाई म्हणाल्या. "इंग्रजी लई सोपं आसतंय."

हात धुवायला मी मागच्या आडोशाला गेले. तिथे दोरीवर नाड्या वाळत होत्या. परकराच्या, गोफ विणलेल्या, सुती नाड्या. मी मोजल्या, चार होत्या. परकर एकही नव्हता. एक हातात घेतली तर ती काळी पडलेली आणि बोटांना गुळगुळीत लागली. मेण होतं. पेटीतल्या कोऱ्या कागदाच्या कोपऱ्यावर हेच मेण होतं.

"शेवंताबाई," मी हाक मारली, "चार परकर नाड्यांवाचून कुठे गेलेत?"

त्या मैमूनाभाभींबरोबर आत आल्या आणि माझ्या हातातली नाडी पाहून त्यांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी आधी दार लोटलं.

"तोडकरांना सांगनार?"

"काय सांगणार? मला काही कळलंच नाही अजून."

मग त्यांनी दाखवलं. पेटीत निम्मी वाळू भरायची. तिच्यावर नाडी ठेवायची, केळ्याच्या वाकाप्रमाणे वळवून, दोन्ही टोकं बाहेर. वरून उरलेली वाळू. ठोकायचं, वायू सोडायचा. कडक झालं की एका टोकानं नाडी हळूहळू ओढायची. गोफाची वीण ताणली की नाडी बारीक होते आणि मेणामुळे सुळकन निसटते. आत राहते वाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत, केळ्याइतकीच वाकडी.

मी विचारलं, "हे तुम्ही कधीपासून करता?"

"चार वर्स झाली. आमच्या बाकावरच्या चौघीच. रंग दिऊन रॅकवर गेलं की कुनाचं केळं कुंचं, कुनाला कळतंय?"

"आणि सांगितलं का नाही? अहो, पेटी कशासाठी लावली आहे?"

उत्तर मैमूनाभाभींनी दिलं. दोन वर्षांपूर्वी तोडकरांना भाभींच्या साचापेटीत नाडी सापडली होती. ती दोन बोटांत धरून ते कोअर शॉपच्या दारात गेले आणि समोरच्या साचे करणाऱ्या, मोल्डिंगवाल्या पुरुषांना ओरडून म्हणाले, "बगा रं, बायका परकर सोडून बसल्यात कामाला." सगळं खातं हसलं. भाभींना तीन दिवस घरी बसवलं. बोर्डावर सूचना लागली, 'कामाच्या ठिकाणी अयोग्य वस्तू बाळगल्याबद्दल.' ती आठ दिवस तिथे होती. भाभी आठ दिवस मागच्या फाटकानं आल्या.

"कागद मीच टाकला हुता पेटीत," शेवंताबाई म्हणाल्या. "म्हटलं लिवावं. पर साहेब लोकांच्या कागदावर नाडी कशी लिवायची?"

इथे मी आयुष्यातला एक मोठा मूर्खपणा केला. आनंदानं मला काही सुचेनासं झालं होतं. मी तडक सरनोबत साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगितलं, कोअर शॉपकडे फोडांवर उपाय आहे, शेवंताबाई सोमवारी अकरा वाजता करून दाखवतील, अण्णांनाही बोलवा. उपाय काय ते तेवढं सांगितलं नाही. म्हटलं, प्रत्यक्षच बघा. शेवंताबाईंना विचारायचं मात्र राहून गेलं.

संध्याकाळी त्यांना कळलं. फाटकापाशी मला गाठून त्या एवढंच म्हणाल्या, "म्याडम, तुमास्नी मी दार लावून दाखवलं हुतं."

सोमवारी अकराला कोअर शॉपमध्ये अण्णा आले, मागे सरनोबत साहेब, तोडकर. दारात मोल्डिंगवाल्यांची गर्दी. मी आधी आडोशाकडे नजर टाकली. दोरी रिकामी होती. नाड्या शनिवारीच भट्टीत गेल्याचं मला नंतर कळलं.

"दाखवा, बाई," अण्णा म्हणाले.

शेवंताबाईंनी डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला. "मला काय म्हाईत न्हाई. म्याडमचा कायतरी गैरसमज झाला आसंल."

तोडकरांनी साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी घड्याळाकडे. पंधरा तारखेला चार दिवस होते. चौदा बायका खाली मान घालून उभ्या होत्या आणि त्या माना मीच खाली घालायला लावल्या होत्या. मला स्वतःचा इतका राग आला की कानशिलं तापली.

"दहा मिनिटं द्या," मी म्हटलं.

"कशाला?" सरनोबत साहेबांनी विचारलं.

"सामान आणायचं आहे."

कोरे फॉर्म बांधलेली फाईल माझ्या काखेत होती. ती घेऊन मी बायकांच्या मोरीत शिरले, आतून कडी लावली. फायलीची कापडी फीत सोडली. परकराची नाडी ओढून काढली आणि तिच्या जागी ती फीत कशीबशी ओवून गच्च गाठ मारली. निऱ्या पुन्हा खोचल्या. मग बाहेर आले आणि अण्णांच्या समोर, टेबलाच्या मधोमध, ती नाडी ठेवली.

"ही माझ्या परकराची नाडी आहे," मी म्हटलं. आवाज जरा मोठाच लागला. "आज सकाळी बांधून आले होते. कामाचं सामान म्हणून काढून आणली आहे."

दारातून कुणीतरी फिदीफिदी हसलं. तोडकरांचं तोंड उघडलं. अण्णांनी नुसती मान वळवली आणि ते मिटलं. दारातलं हसूही थांबलं.

शेवंताबाई माझ्याकडे बघत होत्या. मग त्या पुढे आल्या, नाडी उचलली, दोन बोटांत चोळून पाहिली.

"मेन न्हाई हिला," त्या म्हणाल्या.

"मग लावा."

"मैमूना, मेनबत्ती."

भाभींनी डब्याच्या पिशवीतून मेणबत्तीचा तुकडा काढला. एवढा वेळ तो पिशवीत होता म्हणजे नाड्या जाळल्या तरी त्यांनी मेण काही जाळलं नव्हतं. शेवंताबाईंनी नाडीवरून मेण फिरवलं, पेटीत निम्मी वाळू भरली, नाडी वळवून ठेवली. त्यांचे हात एकदा कामाला लागले की त्या कुणाकडे बघत नसत. वाळू, ठोकणी, वायू. पेटी उघडली. केळं पांढरंशुभ्र, अखंड. दोन टोकांना माझी नाडी लोंबत होती.

त्यांनी एक टोक ओढलं. नाडी आली नाही.

पुन्हा ओढलं. नाही आली.

"कोरी हाय," त्या शांतपणे म्हणाल्या, जणू बाजारात भाजी निवडत होत्या. "घट इणलीय. हिला जरा समजवाय पायजे." टोकाला त्यांनी हलकासा पीळ दिला, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे, मग सावकाश ओढलं. नाडी सुळकन बाहेर आली, साबणाच्या हातातून बांगडी निघावी तशी.

"काडी हाय का कुनाकडं?"

अण्णांनी स्वतःच्या खिशातून काडेपेटी काढली आणि काडी ओढली. शेवंताबाईंनी केळं आडवं धरलं, एक टोक जळत्या काडीसमोर आणलं, दुसऱ्या टोकाला तोंड लावलं आणि फुंकर मारली. काडी विझली.

अण्णांनी दुसरी काडी ओढली. तीही विझली.

"आता तारेचं आणा," अण्णा म्हणाले. "तोडकर, तुम्ही फुंका."

तोडकरांनी रॅकवरून तारेनं केलेलं केळं उचललं, सकाळीच स्वतः समोर उभं राहून नियमाप्रमाणे करवून घेतलेलं. त्यांनी फुंकलं. त्यांचे गाल फुगले, मान लाल झाली, डोळे मोठे झाले. काडी अण्णांच्या बोटांपर्यंत सावकाश, सुखानं जळत आली. या वेळी दारातले सगळे हसले, आणि चौदा बायकाही हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं मैमूनाभाभी.

अण्णांनी काडी टाकली. "ही आयडिया कुणाची?"

तो शब्द आला आणि बायकांच्या माना पुन्हा खाली गेल्या. जुनी सवय. मी शेवंताबाईंकडे पाहिलं. त्यांनी डोक्यावरचा पदर मागे सारला.

"आयडिया न्हाई ओ अन्ना. काम हाय."

"बरं. काम कुणाचं?"

"माजं," त्या म्हणाल्या. मग एक बोट वर करून, "आन मैमूनाचं. आन ह्या दोघींचं. बोर्डावर मैमूनाचं नाव एकदा लागलंय. आता परत लावा."

त्याच दुपारी नाडीचे वीस कोअर भट्टीकडे गेले. बाजारातून आणलेल्या नव्या नाड्यांना सगळ्या बाकांवर मेण लावलं जात होतं, आणि चौघी बाकीच्या दहाजणींना 'हिला समजवायचं कसं' ते शिकवत होत्या. तिसऱ्या दिवशी वीसही पंप उभे चिरून पाहिले. एकोणीस आतून नितळ. विसावा खराब निघाला, पण तो साच्याची वाळू पडून. म्हणजे मोल्डिंगवाल्यांच्या चुकीनं. ही बातमी कोअर शॉपमध्ये एकोणीस पंपांपेक्षा जास्त आनंदानं ऐकली गेली.

पंधरा तारखेला अण्णांनी बाहेरच्या कोअरचा बेत रद्द केल्याच्या कागदावर सही केली. मी त्यांच्या समोरच होते. परत येताना जिना मी दोन-दोन पायऱ्यांनी उतरले, साडी नेसलेली असूनही.

कामाची नवी पद्धत बोर्डावर लावायची होती. सरनोबत साहेबांनी मसुदा केला आणि प्रामाणिकपणे शेवंताबाईंना बोलावून वाचून दाखवला. त्यात 'लवचीक दोरखंड' असा शब्द होता.

"दोरखंड कुंचा?" शेवंताबाई म्हणाल्या. "नाडी लिवा, साहेब."

"अहो, बोर्डावर, सगळ्यांसमोर..."

"सगळ्यांसमोरच लिवा. दोरखंड वाचला तर पोरी खरंच दोरखंड घालतील आन केळं फुटंल. नाडी म्हंजे नाडी."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "सर, भाषांतर बरोबर आहे त्यांचं."

त्या दिवसापासून पुढे सव्वीस वर्षं, नोकरी सोडेपर्यंत, मी कितीतरी फॉर्म मराठीत केले. पण 'आपली कल्पना येथे लिहा' असं पुन्हा कधी लिहिलं नाही. फॉर्मवर एकच प्रश्न ठेवला, 'तुम्ही हे काम कसं करता, ते करून दाखवाल का?' आणि खाली, 'दार लावून दाखवलं तरी चालेल.' पेट्या पुढे भरून वाहत नव्हत्या, पण कोरा कागद एकही निघाला नाही.

सूचना लागली ती जुन्याच बोर्डावर. 'कोअर क्रमांक सात: वायूच्या वाटेसाठी मेण लावलेली सुती नाडी वापरावी.' खाली चार नावं. पहिलं शेवंता मगदूम, दुसरं मैमूना जमादार. भाभी सकाळी पुढच्या फाटकानं आल्या. बोर्डासमोर थांबल्या, आपल्या नावावरून बोट फिरवलं आणि पाळीवर येणाऱ्या मोल्डिंगवाल्यांना वाट न देता मधोमध उभ्या राहिल्या. तोडकर आले तेव्हा त्यांनाही बाजूनं जावं लागलं.

त्याच संध्याकाळी शेवंताबाई माझ्या टेबलाशी आल्या. न बोलावता त्या ऑफिसात पहिल्यांदाच येत होत्या. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पुडी माझ्यापुढे ठेवली. मी उघडली. आत एक कोरी करकरीत, गोफाची पांढरी नाडी होती.

"अहो, नवी कशाला? माझी जुनी दिली असती तरी चाललं असतं."

"ती?" शेवंताबाई हसल्या. "ती आता न्हाई मिळायची म्याडम. तिला स्टोअरवाल्यानं नंबर घातलाय. ती कंपनीची झाली."